काटापावतीचा क्रमांक आणि टेबलाची की

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर तालुक्यातील एका कापूस जिनिंगसाठी तुम्ही काटापावतीची प्रणाली लिहिली आहे. डेटाबेस मायएसक्यूएलचा आहे. पावत्यांच्या टेबलात आपोआप वाढणारा एक कॉलम आहे. तोच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख आहे आणि तोच क्रमांक पावतीवर छापला जातो. दोन काट्यांवर दोन संगणक आहेत. हंगामाच्या मध्यावर मालकांनी पावत्या लावून पाहिल्या तेव्हा १०४६ नंतर थेट १०४८ निघाली आणि त्यांनी विचारले, "१०४७ नी पावती कोठे शे?" क्रमांक तुटणार नाही अशी एखादी सेटिंग तुम्हाला हवी आहे. शिवाय पुढच्या हंगामाआधी पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर जायचे असल्यामुळे तिथे हाच कॉलम कसा मांडावा, हेही तुम्ही विचारले आहे.

अशी सेटिंग कोणत्याही मोठ्या डेटाबेसमध्ये नाही, आणि ती नसण्यामागे ठोस कारण आहे. ते कारण नीट समजले की पुढची सगळी मांडणी आपोआप सुचत जाते, म्हणून मी आधी त्यावरच थांबतो.

समजा, पहिल्या काट्यावर गाडी आली, प्रोग्रॅमने ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारा किंवा पूर्ण रद्द होणारा कामांचा गठ्ठा) सुरू केले, नोंद घातली आणि डेटाबेसने तिला १०४७ दिला. त्याच क्षणी दुसऱ्या काट्यावर दुसरी गाडी उभी होती, तिला १०४८ मिळाला, तिचे ट्रान्झॅक्शन कमिट, म्हणजे पक्के झाले आणि पावती छापून शेतकऱ्याच्या हातात गेली. इकडे पहिल्या काट्यावर ओलाव्यामुळे भाव पटला नाही, गाडी परत फिरली आणि प्रोग्रॅमने रोलबॅक केला, म्हणजे ती नोंद रद्द केली. आता १०४७ चे काय करायचे? १०४८ ची पावती छापून गेलेली असल्याने ती बदलता येत नाही. सलगपणा राखायचा असेल तर एकच मार्ग उरतो: पहिल्या गाडीचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या गाडीला क्रमांकच द्यायचा नाही, म्हणजे एक काटा अडला की दुसराही अडणार. डेटाबेस लिहिणाऱ्यांनी हा मार्ग जाणीवपूर्वक नाकारला आहे. क्रमांक देणारा गणक ट्रान्झॅक्शनच्या बाहेर चालतो, एकदा दिलेला क्रमांक तो परत घेत नाही, आणि म्हणूनच शेकडो लोक एकाच वेळी नोंदी घालत असले तरी कोणी कोणासाठी खोळंबत नाही.

तेव्हा आपोआप वाढणाऱ्या कॉलमकडून मागायचे ते एवढेच, की टेबलातील प्रत्येक नोंदीला दुसऱ्या कोणत्याही नोंदीला नसलेली ओळख मिळावी. नोंदी किती झाल्या, त्या कोणत्या क्रमाने पक्क्या झाल्या, मध्ये एखादी गाळली गेली का, यांपैकी कशाचेही उत्तर तो कॉलम देऊ शकत नाही. मालकांना मात्र नेमकी हीच उत्तरे हवी आहेत, आणि त्यांचे तसे मागणे रास्त आहे. त्यांना दुसरा, वेगळा क्रमांक द्यावा लागेल, ज्याची मांडणी पुढे सांगतो.

त्याआधी एका वाटेपासून तुम्हाला अडवायचे आहे. क्रमांक तुटतात हे कळल्यावर बहुतेक जण टेबलातील सर्वांत मोठा क्रमांक वाचून त्यात एक मिळवण्याकडे वळतात. मीही वळलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मी हेच केले होते. एक संगणक होता तोवर काहीही बिघडले नाही. जून महिन्यात आवक वाढली, दुसरा संगणक बसवला, आणि एका रात्री दोन्हीकडून जवळजवळ एकाच क्षणी मोठ्यात मोठा क्रमांक ३११७ असा वाचला गेला. दोघांनी ३११८ लिहिला. त्या कॉलमवर मी साधी इंडेक्स (शोध वेगाने लागावा म्हणून असलेली सूची) ठेवली होती, युनिक बंधन (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेण्याचे) घातले नव्हते, त्यामुळे डेटाबेसने दोन्ही नोंदी निमूटपणे घेतल्या. हिशेबाची क्वेरी पावती क्रमांकावर जोडलेली असल्याने दोन्ही शेतकऱ्यांच्या बिलात दोन्ही गाड्यांचे वजन धरले गेले. त्यांपैकी एका शेतकऱ्याने स्वतः येऊन "माझ्या मालापेक्षा रक्कम जास्त आहे" असे सांगितले, म्हणून चूक उघडकीस आली. तो सांगायला आला नसता तर ती किती दिवस चालली असती, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. तेव्हापासून कॉलम आपोआप वाढणारा असो वा नसो, ओळख म्हणून वापरायच्या प्रत्येक कॉलमवर प्रायमरी की किंवा युनिक बंधन आहे की नाही, हे मी सर्वांत आधी पाहतो.

आता मायएसक्यूएलमधील मांडणी. कॉलमच्या व्याख्येत प्रकार बिगइंट अनसाइन्ड (ऋण नसलेला मोठा पूर्णांक), मग नॉट नल (रिकामा चालणार नाही), मग ऑटो_इन्क्रिमेंट असे लिहायचे आणि तोच कॉलम प्रायमरी की म्हणून जाहीर करायचा. एका टेबलात असा एकच कॉलम चालतो आणि त्यावर की असावीच लागते. नोंद घालताना हा कॉलम यादीतून वगळायचा; डेटाबेस तो स्वतः भरतो.

प्रकार निवडताना थोडे गणित करावे. स्मॉलइंटची मर्यादा ३२,७६७ आहे. दिवसाला ४०० पावत्या धरल्या तर ती सुमारे ८२ दिवसांत, म्हणजे एका हंगामाच्या आतच संपते. चिन्हासहित इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे आणि याच वेगाने ती चौदा हजारांहून अधिक वर्षे पुरेल. मग बिगइंट का सुचवतो? कारण क्रमांक केवळ नोंदींमुळे संपत नाहीत. तुमच्याकडे शेतकऱ्यांचे टेबल असेल, त्यात मोबाइल क्रमांकावर युनिक बंधन असेल, आणि प्रत्येक पावतीच्या वेळी प्रोग्रॅम "नवा असेल तर घाल, असेल तर दुरुस्त कर" अशा ऑन डुप्लिकेट की अपडेट प्रकारच्या आदेशाने नोंद करत असेल, तर जुना शेतकरी सापडला तरी एक क्रमांक खर्च होतो. अशी टेबले मी पाहिली आहेत, ज्यांत नोंदी काही हजार आणि शेवटचा क्रमांक काही लाखांत आहे. इंटला ४ बाइट लागतात आणि बिगइंटला ८. एक लाख नोंदींमागे फरक ४ लाख बाइटांचा, आणि इनोडीबी (मायएसक्यूएलचे साठवणुकीचे इंजिन) प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये प्रायमरी की पुन्हा साठवते म्हणून तेवढाच तिथेही. हा खर्च नगण्य आहे. याउलट चालू हंगामात, टेबल भरलेले असताना, प्रकार बदलण्याचे काम फार त्रासाचे असते, कारण या कीकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक टेबलातील फॉरेन कीचा प्रकार आणि चिन्ह तंतोतंत तेच असावे लागते. पावतीचे टेबल बिगइंट अनसाइन्ड आणि रक्कम अदा केल्याचे टेबल साधे इंट असे ठेवले, तर मायएसक्यूएल फॉरेन की बनवूच देत नाही.

तुमच्या सर्व्हरची आवृत्ती कोणती आहे ते पाहा. ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये इनोडीबी हा गणक केवळ मेमरीत ठेवत असे आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला की टेबलातील मोठ्यात मोठ्या क्रमांकापुढून मोजायला लागत असे. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे ही गोष्ट पुस्तकातच राहत नाही. समजा शेवटची पावती ५२१० होती, चुकीची म्हणून ती कोणी काढून टाकली, आणि तेवढ्यात वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला. पुढच्या गाडीला पुन्हा ५२१० मिळणार. पहिल्या ५२१० ची उचल दुसऱ्या टेबलात नोंदलेली असेल आणि तिथे फॉरेन की नसेल, तर ती उचल आता दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावावर दिसू लागेल. तुटलेला क्रमांक दिसतो आणि म्हणून त्रास देतो. पुन्हा वापरला गेलेला क्रमांक दिसत नाही आणि नुकसान करतो. २०१८ साली आलेल्या ८.० पासून गणक डिस्कवर टिकवला जातो आणि हा धोका गेला. अजून ५.७ वर असाल तर आवृत्ती बदला, आणि ती बदलेपर्यंत पावती काढून टाकण्याची सोय प्रोग्रॅममधून बंद करा.

नोंद घातल्यावर तिला कोणता क्रमांक मिळाला हे कसे विचारायचे, यातही बऱ्याच जणांची चूक होते. टेबलातून मोठ्यात मोठा क्रमांक पुन्हा वाचू नका, कारण तेवढ्या अवधीत दुसऱ्या काट्याची नोंद आलेली असू शकते. मायएसक्यूएलमध्ये लास्ट_इन्सर्ट_आयडी हे फंक्शन आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक जोडणीपुरते स्वतंत्र असते. दुसऱ्या संगणकाने काय घातले याचा त्यावर परिणाम होत नाही. अट एवढीच की नोंद घालणे आणि क्रमांक विचारणे हे एकाच जोडणीवर व्हावे. तुमची लायब्ररी जोडण्यांचा साठा वापरत असेल आणि दोन आदेश दोन वेगवेगळ्या जोडण्यांवर जात असतील, तर उत्तर चुकीचे येईल. एका आदेशात अनेक नोंदी घातल्या तर हे फंक्शन त्यांतील पहिल्या नोंदीचा क्रमांक देते, शेवटच्या नाही. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये हे काम फार स्वच्छ आहे: इन्सर्टच्या शेवटी रिटर्निंग लिहून कॉलमचे नाव द्यायचे, की त्याच आदेशाच्या उत्तरात क्रमांक परत येतो.

आणखी एक सापळा असा आहे, की तो सहसा कोणी सांगत नाही. क्रमांक मिळण्याचा क्रम आणि नोंद पक्की होण्याचा क्रम वेगळा असू शकतो. १०४८ आधी कमिट होऊन दिसू लागते आणि १०४७ चार सेकंदांनी. तुमच्याकडे दर पाच मिनिटांनी नव्या पावत्या उचलून हिशेबाच्या सॉफ्टवेअरकडे पाठवणारा एखादा प्रोग्रॅम असेल आणि तो "मागच्या वेळच्या शेवटच्या क्रमांकापेक्षा मोठे ते सगळे" असे विचारत असेल, तर त्या चार सेकंदांत तो १०४८ घेऊन पुढे जाईल आणि १०४७ कायमची मागे राहील. पावती टेबलात आहे पण हिशेबात नाही, अशी तक्रार आली तर सर्वांत आधी इथे पाहा. उपाय सोपा आहे. प्रत्येक नोंदीवर "पाठवली" अशी खूण ठेवा आणि खूण नसलेल्या नोंदी उचला. क्रमांकाच्या मोठेपणावर विसंबू नका.

आता पोस्टग्रेसक्यूएल. तिथे ऑटो_इन्क्रिमेंट हा शब्द नाही. जुन्या लेखांत तुम्हाला सिरियल आणि बिगसिरियल भेटतील. हे खरे प्रकार नव्हेत, ती लिहिण्याची सोय आहे: डेटाबेस त्याजागी पूर्णांकाचा कॉलम बनवतो, एक सिक्वेन्स (क्रमांक देणारा गणक) बनवतो आणि कॉलमची आपोआप भरायची किंमत म्हणून त्या सिक्वेन्समधील पुढचा क्रमांक लावून देतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या आवृत्ती १० पासून एसक्यूएलच्या प्रमाणित रूपातले आयडेंटिटी कॉलम मिळतात आणि नव्या कामासाठी मी तेच सुचवतो. एक व्यावहारिक कारण असे, की सिरियलच्या बाबतीत टेबलावर लिहिण्याचा अधिकार देऊनही सिक्वेन्सवरचा अधिकार वेगळा द्यावा लागतो, आणि तो विसरला की प्रोग्रॅम पहिल्याच पावतीला अडतो. आयडेंटिटीला तो लागत नाही.

आयडेंटिटीची दोन रूपे आहेत. जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी असे लिहिले तर कोणी हाताने क्रमांक घालू लागल्यास डेटाबेस नकार देतो. खरेच घालायचा असेल तर आदेशात ओव्हररायडिंग सिस्टिम व्हॅल्यू असे स्पष्ट लिहावे लागते. जनरेटेड बाय डिफॉल्ट असे लिहिले तर हाताने दिलेला क्रमांक मुकाट्याने घेतला जातो. मी ऑलवेज निवडतो. क्रमांक हाताने घालण्याची वेळ वर्षातून एखाददा येते, आणि त्या वेळी तीन शब्द जास्त लिहावे लागणे चांगलेच आहे. लक्षात घ्या, आयडेंटिटी असो की सिरियल, त्यातून प्रायमरी की आपोआप बनत नाही. ती वेगळी लिहावी लागते.

मायएसक्यूएलवरून जुन्या पावत्या आणताना त्यांचे जुने क्रमांक तसेच ठेवायचे आहेत, कारण इतर टेबले त्यांच्याकडे बोट दाखवतात. कॉपी आदेशाने फाइल भरली तर ऑलवेज असूनही फाइलमधील क्रमांक जसेच्या तसे घेतले जातात. पण इथेच सर्वांत नेहमीची चूक होते: क्रमांक बाहेरून आले म्हणजे सिक्वेन्सला त्याचा पत्ताही लागत नाही. टेबलात ५२१० पर्यंत पावत्या भरलेल्या असतात आणि सिक्वेन्स मात्र अजून १ वर उभा असतो. पहिल्या नव्या गाडीला तो १ देऊ करतो आणि प्रायमरी कीचा भंग झाल्याची त्रुटी येते. जुन्या क्रमांकांची मालिका १ पासून सुरू न होता मध्येच, उदाहरणार्थ २००० पासून, सुरू होत असेल तर गोष्ट आणखी फसवी होते, कारण पहिल्या १,९९९ पावत्या सुरळीत जातात आणि काही दिवसांनी, भर गर्दीच्या वेळी, त्रुटी उगवते. म्हणून माहिती भरल्यावर सेटव्हॅल फंक्शनने सिक्वेन्स टेबलातील मोठ्यात मोठ्या क्रमांकावर आणून ठेवायचा. सेटव्हॅलला ५२१० दिला की पुढचा क्रमांक ५२११ मिळतो. सिक्वेन्सचे नाव अंदाजाने लिहू नका. पीजी_गेट_सिरियल_सिक्वेन्स या फंक्शनला टेबल आणि कॉलम सांगितला की ते नाव देते, आणि नाव सिरियल असले तरी ते आयडेंटिटी कॉलमसाठीही चालते. रिकाम्या टेबलावर मोठ्यात मोठा क्रमांक नल येतो आणि सेटव्हॅल काहीच करत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पोस्टग्रेसक्यूएलमध्येही क्रमांक तुटतील. रोलबॅकने तर तुटतीलच, शिवाय वीज जाऊन सर्व्हर अचानक बंद पडला तर पुन्हा सुरू झाल्यावर ३२ पर्यंत क्रमांक एकदम ओलांडले जाऊ शकतात, कारण सिक्वेन्सची पुढची मजल लॉगमध्ये आगाऊ लिहून ठेवलेली असते. इतर डेटाबेसांतही अशीच स्थिती आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून सर्व्हर अचानक बंद पडल्यावर इंटच्या आयडेंटिटीने एकदम १,००० ची उडी घेतलेली अनेकांनी पाहिली आहे. तिथे नवा क्रमांक विचारण्यासाठी स्कोप_आयडेंटिटी किंवा आउटपुट वापरावे, नुसत्या ॲट-ॲट-आयडेंटिटीने ट्रिगरने (नोंद होताच आपोआप चालणाऱ्या आदेशाने) दुसऱ्याच टेबलात घातलेल्या नोंदीचा क्रमांक हाती येऊ शकतो. ओरॅकलमध्ये २०१३ च्या १२सी पर्यंत आयडेंटिटी कॉलमच नव्हता, सिक्वेन्स आणि ट्रिगरची जोडी बांधावी लागे, आणि सिक्वेन्स एका वेळी २० क्रमांक मेमरीत उचलून ठेवतो, ते सर्व्हर अचानक पडल्यास वाया जातात.

आता मालकांचा क्रमांक. तो पावतीच्या टेबलात वेगळा कॉलम म्हणून ठेवा आणि कीशी त्याचा काहीही संबंध ठेवू नका. त्यासाठी गणकांचे एक छोटे टेबल करा: आर्थिक वर्ष, मालिका आणि शेवटचा दिलेला क्रमांक, असे तीन कॉलम, पहिल्या दोघांची मिळून प्रायमरी की. पावती पक्की करायच्या ट्रान्झॅक्शनमध्येच या टेबलातील त्या वर्षाच्या व मालिकेच्या नोंदीत एक मिळवायचा, मिळालेला क्रमांक पावतीत लिहायचा आणि कमिट करायचे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये अपडेटच्या शेवटी रिटर्निंग लिहिले की क्रमांक हाती येतो. मायएसक्यूएलमध्ये अपडेट करतानाच "शेवटचा क्रमांक अधिक एक" ही किंमत लास्ट_इन्सर्ट_आयडीमध्ये गुंडाळून लिहायची आणि मग त्याच जोडणीवर ते फंक्शन रिकामे विचारायचे. अपडेट झाल्याबरोबर त्या एका नोंदीवर कुलूप लागते. दुसरा काटा त्याच क्षणी आला तर तो पहिल्याचे कमिट होईपर्यंत थांबतो. रोलबॅक झाला तर गणकही मागे येतो आणि तोच क्रमांक पुढच्या पावतीला मिळतो. सलगपणा इथे खरोखर मिळतो. त्याची किंमत म्हणजे हे थांबणे, आणि आपोआप वाढणाऱ्या कॉलमने नाकारलेली ती हीच किंमत.

म्हणूनच हे ट्रान्झॅक्शन अगदी छोटे हवे. भरलेल्या गाडीचे वजन झाल्यावर ट्रान्झॅक्शन उघडून, कापूस खाली होऊन रिकाम्या गाडीचे वजन येईपर्यंत ते उघडे ठेवू नका. भरलेल्या गाडीचे वजन आले की नोंद घालून कमिट करा. तिला की मिळेल, पावती क्रमांक रिकामा राहील. रिकाम्या गाडीचे वजन आले, भाव ठरला आणि पावती छापायची वेळ आली की त्या शेवटच्या क्षणी गणकाकडून क्रमांक घ्या. गाडी परत गेली तर त्या नोंदीची स्थिती "परत" करा. तिने छापील मालिकेतला क्रमांक कधी घेतलाच नव्हता, त्यामुळे मालिका तुटणार नाही. छापलेली पावती रद्द करावी लागली तर ती काढून टाकायची नाही, "रद्द" अशी स्थिती आणि कारण लिहून ठेवायची. वर्ष, मालिका आणि पावती क्रमांक यांवर मिळून युनिक बंधन घाला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तरी सावद्यासारखा प्रसंग येणार नाही. नव्या आर्थिक वर्षाची गणकातील नोंद ३१ मार्चपूर्वीच घालून ठेवा. ती पहिल्या पावतीच्या वेळी तयार करायची ठेवली तर दोन्ही काटे एकाच वेळी तयार करू पाहतील आणि एकाला त्रुटी येईल.

मालिका आर्थिक वर्षानुसार का, तेही सांगतो. गाठी आणि सरकी विकताना जे कर-बीजक निघते त्याच्या क्रमांकाविषयी केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील नियम ४६ स्पष्ट आहे: क्रमांक सलग असावा, १६ अक्षरचिन्हांहून मोठा नसावा, त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते, एकाहून अधिक मालिका चालतात, आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. आपला कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि १ एप्रिल ओलांडून पुढे जातो. त्या दिवशी बीजकाची मालिका पुन्हा १ पासून सुरू होईल, टेबलाची की मात्र होती तिथूनच पुढे चालेल. दोन्ही कामे एकाच कॉलमवर टाकणाऱ्याला इथे उत्तर सापडत नाही.

मालकांच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो, कारण त्यामागची खरी काळजी सलगपणाची नसावी. कोणी पावती काढून टाकून माल बाहेर नेला का, हे त्यांना विचारायचे आहे. तुटलेला क्रमांक त्याचा पुरावा देत नाही, आणि न तुटलेला क्रमांकही खात्री देत नाही, कारण पावती काढणाऱ्याला गणक मागे घेणेही जमू शकते. खात्री अधिकारांतून मिळते. प्रोग्रॅम डेटाबेसमध्ये ज्या वापरकर्त्याच्या नावाने शिरतो त्याला पावत्यांच्या टेबलावर सिलेक्ट, इन्सर्ट आणि अपडेट (वाचणे, घालणे, बदलणे) एवढेच अधिकार द्या, डिलीटचा अधिकार काढून घ्या, आणि प्रत्येक बदल दुसऱ्या टेबलात आपोआप नोंदवणारा ट्रिगर लावा, ज्यात जुने वजन, नवे वजन, वेळ आणि वापरकर्ता येईल. मग कीमध्ये खंड दिसला तरी तुम्ही मालकांना ठामपणे सांगू शकाल, की त्या क्रमांकाची नोंद कधी पूर्णच झाली नाही, कारण पूर्ण झालेली नोंद काढण्याचा अधिकार काट्यावरच्या कोणाकडेही नाही. १०४७ बद्दल मात्र आज तसे सांगता येणार नाही, कारण तेव्हा हे बंधन नव्हते. बायनरी लॉग (मायएसक्यूएल ठेवते ती बदलांची नोंदवही) चालू असेल आणि त्या तारखेचा लॉग अजून शिल्लक असेल तर तो तपासा: नोंद घातली जाऊन नंतर काढली गेली असेल तर दोन्ही गोष्टी त्यात दिसतील, आणि रोलबॅक झाला असेल तर काहीच दिसणार नाही. जे निघेल ते त्यांना सरळ सांगा.

पारोळ्याला तिसरा काटा सुरू करण्याचा विचार तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिला आहे, आणि तिथे इंटरनेट अधूनमधून जाते असेही म्हटले आहे. तिथल्या संगणकाला स्वतःचा डेटाबेस ठेवून नंतर माहिती एकत्र करायची असेल, तर दोन्हीकडचे आपोआप वाढणारे क्रमांक एकमेकांवर आदळतील. मायएसक्यूएलमध्ये वाढीची पायरी आणि सुरुवात सर्व्हरनिहाय ठरवता येते: दोन्हीकडे पायरी १०, अमळनेरची सुरुवात १ आणि पारोळ्याची २ ठेवली, की एकीकडे १, ११, २१ आणि दुसरीकडे २, १२, २२ असे क्रमांक निघतील. पायरी २ न ठेवता १० ठेवायची ती पुढच्या केंद्रांना जागा राहावी म्हणून. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये सिक्वेन्सला हीच पायरी आणि सुरुवात देता येते. दुसरा पर्याय १२८ बिटांच्या यूयूआयडीचा, म्हणजे कोणत्याही संगणकावर स्वतंत्रपणे बनवली तरी वेगळीच निघणाऱ्या ओळखीचा. त्यात पूर्णपणे यादृच्छिक असलेली चौथी आवृत्ती इनोडीबीत प्रायमरी की म्हणून घेऊ नका, कारण तिथे टेबलच कीच्या क्रमाने साठवलेले असते आणि प्रत्येक नवी नोंद कुठेतरी मध्येच घुसवावी लागते. मे २०२४ मध्ये प्रमाणित झालेली सातवी आवृत्ती वेळेच्या क्रमाने वाढते आणि पोस्टग्रेसक्यूएल १८ मध्ये ती अंगभूत आहे. दोन-तीन काट्यांसाठी मी पायरीचाच मार्ग घेईन. छापील पावतीसाठी तर प्रश्नच नाही: पारोळ्याची वेगळी मालिका, वेगळा गणक.

शेतकऱ्याला मोबाइलवर पावतीचा दुवा पाठवणार असाल तर त्यात ही की उघडी ठेवू नका. १०४८ च्या जागी १०४९ लिहून शेजाऱ्याला किती रक्कम मिळाली हे कोणालाही पाहता येईल. दुव्यासाठी यादृच्छिक लांब मजकुराचा वेगळा कॉलम ठेवा.

बदलाचा दिवस ठरवताना क्रम असा ठेवा. हंगाम संपून काटे बंद असतील तेव्हा मायएसक्यूएलवर लिहिणे थांबवा, माहिती भरा, प्रत्येक टेबलाचा सिक्वेन्स सेटव्हॅलने पुढे आणा, गणकांच्या टेबलात चालू वर्षाचा शेवटचा छापील क्रमांक हाताने तपासून लिहा, आणि मग दोन्ही संगणकांवरून एकाच वेळी प्रत्येकी वीस चाचणी पावत्या घाला, त्यांतील काही मुद्दाम अर्ध्यावर सोडून द्या. या पावत्या "चाचणी" नावाच्या वेगळ्या मालिकेत घाला, म्हणजे खऱ्या मालिकेला धक्का लागणार नाही. कीमध्ये खंड पडलेले दिसतील आणि छापील क्रमांकात एकही दिसणार नाही. तसे दिसले की काटे नव्या सर्व्हरला जोडा.